दौत-लेखणी घरपोच



आज तुमच्याशी बोलणार आहे ते एका किरकोळ हौशीबद्दल. हौस आहे पेनांची, शाईची, वह्यांची. आणि हे सगळं घरी बसून, इंटरनेटवरून मागवण्याची. काहींना हसू येईल. पेन ही काय मागवायची वस्तू आहे? कोपऱ्यावरच्या दुकानात जावं, दहा रुपये टाकावेत, पेन खिशाला लावून परत यावं. बरोबर आहे. मीही तसं करतो. पण माणूस जेवायला भाकरी खातो, म्हणून त्याला आंबा आवडू नये असं थोडंच आहे!

मी मराठीत कविता लिहितो. घरी आम्ही दखनी बोलतो. शाळा मराठी, बी. ए. मराठी घेऊन केलं. ‘तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?’ असं मला अजूनही अधूनमधून कुणीतरी विचारतं. प्रेमानंच विचारतं. तेव्हा मी उलट विचारतो, ‘तुम्ही कशानं लिहिता?’ कागद हा शब्द फारसीतून आला. शाई म्हणजे मूळची स्याही, तीही फारसीच. कलम, दौत आणि लिफाफा अरबीतून आले. दप्तर फारसीमार्गे आलं. कागदाचं रीम आपण इंग्रजांकडून घेतलं खरं, पण त्या शब्दाच्या मुळाशी अरबीतला ‘रिज्मा’ आहे, म्हणजे गठ्ठा. फडणीस, चिटणीस, पारसनीस या आडनावांतला ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. आणि बोरू, टाक, लेखणी हे आपले इथलेच. एका मेजावर हे सगळे शब्द कितीतरी वर्षं शेजारी शेजारी बसलेले आहेत. तू इथं कसा, असं कुणी कुणाला विचारत नाही.

माझे वडील असेच एक ‘नवीस’ होते. तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बसून ते लोकांना अर्ज लिहून देत. कागदोपत्री अर्जनवीस, लोकांच्या तोंडी बाँड रायटर. वारसाची नोंद, सातबारावरचं नाव, विहिरीच्या पाण्याचा वाद, लष्करातल्या मुलाचं न आलेलं पत्र, असं सगळं त्यांच्या पेनातून उतरायचं. तिरप्या झाकणाची एक लाकडी पेटी, तिच्यात शाईची बाटली, टीपकागद, टाचण्या, आखायची पट्टी आणि दोन पेनं. त्यांचं म्हणणं असं, की अक्षर स्वच्छ असेल तर साहेब अर्ज शेवटपर्यंत वाचतो. आणि शेवटपर्यंत वाचला तर गरिबाचं अर्धं काम होतं. त्यामुळं आमच्या घरात मीठ संपलं तर शेजारून वाटीभर आणलं जाई, पण शाई संपलेली चालत नसे.

त्या काळी गावात स्टेशनरीचं एकच मोठं दुकान होतं. काचेच्या कपाटात पेनं आडवी मांडलेली असत. त्यांत सोनेरी टोपणाचं चिनी ‘हीरो’ पेन होतं. मला ते एकदा हातात घेऊन बघायचं होतं, घ्यायचं नव्हतं. घ्यायची ऐपतच नव्हती. दुकानदार म्हणाला, ‘घ्यायचंय का? नाही ना? मग काचेला हात लावू नकोस.’ त्याचंही बरोबरच होतं म्हणा. दिवसभरात पन्नास पोरं येणार, पन्नास बोटांचे ठसे काचेवर उठणार. पण बघणं आणि घेणं यांच्यामध्ये एक काच असते आणि ती खिसा पाहून सरकते, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं ती काचही गेली आणि आतली पेनंही गेली. बॉलपेन आलं. लास्लो बिरो या हंगेरियन माणसानं १९३८ साली त्याचं पेटंट घेतलं आणि बघता बघता त्यानं जग काबीज केलं. आपल्याकडं १९९० च्या दशकात पांढऱ्या दांड्याचं, निळ्या टोपणाचं रेनॉल्ड्स प्रत्येक शर्टाच्या खिशात दिसू लागलं. बॉलपेनला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते स्वस्त, गळत नाही, बोटं रंगत नाहीत. आणि एक कारण क्वचितच बोललं जातं: कार्बन पेपर. शाईच्या पेनावर जोर देता येत नाही, त्यामुळं कार्बनखालची प्रत उमटत नाही. पावत्या, फॉर्म, तीन-तीन प्रतींतले अर्ज, हे सगळं बॉलपेनचंच काम. वडिलांनीही कामासाठी ते घेतलं. शाईचं पेन सहीपुरतं उरलं.

मग दुकानदाराचं गणित सुरू झालं. एका गावात शाईचं पेन वापरणारे किती? दहा-बारा. त्यांतले दोन निवृत्त मास्तर, एक वकील, एक डॉक्टर, एक मी. आम्ही वर्षाकाठी शाईच्या किती बाटल्या घेणार? बाटली दुकानात पडून राहायची, तळाशी गाळ साचायचा, झाकण गंजायचं. शेवटी एक दिवस दुकानदार म्हणाला, ‘सर, आता मागवत नाही. तुम्ही सोलापूरला गेलात की आणत जा.’ सोलापूरचा दुकानदार म्हणायचा, ‘पुण्याला मिळेल.’ पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळायचं, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळायचं. म्हणजे शाईच्या एका बाटलीसाठी एस. टी.चं तिकीट काढायचं. कविसंमेलनाचं आमंत्रण पुण्याहून आलं की मानधनाआधी माझ्या डोळ्यांसमोर अप्पा बळवंत चौक यायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

इंटरनेटवरच्या दुकानानं नेमकं काय केलं, ते इथं समजून घ्यायला हवं. सोय झाली, वेळ वाचला, हे तर झालंच. पण मोठी गोष्ट वेगळी आहे. आमच्या गावात शाईवाले दहा, शेजारच्या गावात सात, लातूरला पन्नास, इंफाळला वीस, अशी विखुरलेली माणसं एकाच दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. एकेकट्यानं कुणीच गिऱ्हाईक नव्हतं; मोजले तेव्हा बाजार झाला. ज्यासाठी कोणताही एक दुकानदार माल ठेवू शकत नव्हता, त्यासाठी कारखाना चालू राहू लागला.

याची उदाहरणं पाहा. आंध्रातल्या राजमहेंद्रीत रत्नम नावाच्या कारागिरानं १९३२ साली स्वदेशी फाऊंटन पेनचा व्यवसाय सुरू केला. त्यांनी पाठवलेलं पेन गांधीजींनी वापरलं आणि १९३५ साली पत्र लिहून पसंती कळवली. ते पेन एबोनाईटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं. लेथवर कातून, हातानं घासून केलेलं. एबोनाईट धातूसारखं गार लागत नाही, हातात धरलं की थोड्या वेळानं हाताइतकंच ऊबदार होतं. चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरलाही अशी पेनं हातानं कातली जातात. ज्या गावाचं नाव मी नकाशात शोधलं नसतं, तिथल्या कारागिरानं कातलेलं पेन आज माझ्या मेजावर आहे. नाहीतर ही कला त्या त्या गावातच, त्या त्या पिढीबरोबर संपली असती. तामिळनाडूतलं सातूर एके काळी पेनच्या निबांसाठी प्रसिद्ध होतं. घराघरांत निबा बनत. बॉलपेन आल्यावर तो धंदा बसला. एखादी वस्तू वापरातून गेली की तिच्यामागचं एक गाव रिकामं होतं, हे आपल्याला दिसत नाही.

शाईचंही तसंच. कोलकात्याची ‘सुलेखा’ शाई स्वदेशीच्या चळवळीतून १९३४ साली निघाली. बंगालमधल्या शाळा-कचेऱ्यांत ती घरोघरची झाली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीला कारखान्याला टाळं लागलं. पुढं तो पुन्हा उघडला आणि २०२० साली सुलेखानं फाऊंटन पेनची शाई नव्यानं बाजारात आणली. आता ती आमच्या तालुक्याला येते. केरळातल्या पट्टांबीची ‘कृष्णा’ शाई येते. आणि आपल्या मुंबईची? गिरगावात १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांच्या बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. त्यातूनच पुढं कॅमल शाई आणि कॅम्लिन ही कंपनी उभी राहिली. २०११ साली तिचा मोठा हिस्सा जपानच्या कोकुयो कंपनीनं घेतला. पण आपल्या पिढीच्या बोटांवर जी निळाई होती ती बहुतेक दांडेकरांचीच.

आता खरेदीच्या सुखाकडं येतो. पहिलं सुख म्हणजे निवांतपणा. रात्री इशाची नमाज झाली, घरातली मंडळी झोपली, की मी मोबाईल घेऊन बसतो. एकेक पेन उघडून बघतो. पुढून, मागून, टोपण काढून, निब जवळ आणून. कितीही वेळ बघा, कुणी ‘घ्यायचंय का?’ असं विचारत नाही. मोबाईलला काच आहे खरी, पण तिला हात लावूनच सगळं बघायचं असतं! आवडलं की कार्टमध्ये टाकायचं आणि तिथंच राहू द्यायचं. आठ दिवसांनी परत बघायचं. तोवर निम्म्या वस्तूंवरचं मन उडालेलं असतं. उरलेल्या निम्म्यांतून एक घ्यायची. न घेण्याचं हे सुख तर फुकट आहे.

दुसरं सुख निवडीचं. दुकानात पेन मागितलं की ‘निळं की काळं’ एवढाच प्रश्न असायचा. इथं निबेची जाडी विचारतात: एक्स्ट्रा फाईन, फाईन, मीडियम, ब्रॉड. त्यातही जपानी फाईन ही युरोपीय फाईनपेक्षा बारीक असते, कारण त्यांच्या चित्रलिपीतल्या एकेका अक्षरात खूप रेघा असतात आणि जाड निबेनं त्या एकमेकींत मिसळतात. आपल्याला हे जवळचं वाटायला हवं. ‘राष्ट्र’ किंवा ‘वैशिष्ट्य’ हे शब्द ब्रॉड निबेनं बारीक अक्षरात लिहून पाहा. जोडाक्षराचा गोळा होतो. देवनागरीत रोजचं लिहायला बारीक निब बरी. उलट ज्यांना वळणदार, जाड-बारीक अक्षर काढायचं आहे त्यांनी तिरपी कापलेली निब घ्यावी. पण जपून. आपल्या बोरूचा काप रोमन अक्षरांच्या पेनापेक्षा उलट्या बाजूला तिरका असतो. त्यामुळं देवनागरी सुलेखन करणारे पुष्कळदा डावखुऱ्यांसाठी बनवलेली निब मागवतात आणि उजव्या हातानं लिहितात. मोडी लिहिणारे आधी सबंध ओळभर रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं टांगत. त्यांचं सगळं कौशल्य त्या बोरूच्या कापात असे. हे सगळं मला कुठल्या वर्गात नाही, निब मागवताना शिकावं लागलं.

तिसरं सुख रंगांचं. आमच्या लहानपणी शाई निळी, निळी-काळी, काळी आणि लाल. लाल मास्तरांची. आता जांभळाच्या सालीचा जांभळा आहे, चिंचेच्या बोटकाचा तपकिरी आहे, शेवाळाचा हिरवा आहे. काही शाया ओल्या असताना एका रंगाच्या आणि वाळल्यावर दुसऱ्या रंगाच्या दिसतात. काहींत रेघेच्या शेवटी रंग साचून गडद होतो, त्यामुळं एकाच अक्षरात दोन छटा मिळतात. मात्र मोबाईलवर दिसणारा रंग कागदावर तसाच उतरेल याची खात्री धरू नये. काही विक्रेते छोट्या कुपीत नमुना देतात. आधी तो मागवावा. सबंध बाटली मागवल्यावर रंग न आवडणं म्हणजे अंगरखा शिवून झाल्यावर कापड न आवडण्यासारखं आहे.

चौथं सुख वाट पाहण्याचं. ‘ऑर्डर निघाली’, ‘ऑर्डर पुण्यात पोचली’, ‘आज घरी येईल’, असे निरोप येत राहतात. आमच्या पिढीला हे नवं नाही. आम्ही पुस्तकं व्ही. पी.नं मागवलेली माणसं आहोत. पोस्टमनला पैसे द्यायचे आणि पार्सल सोडवून घ्यायचं. आजची ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ ही त्याच व्ही. पी.ची नात.

या वाट पाहण्यात एक मराठी माणूस दडलेला आहे, तो फारच थोड्यांना माहीत असतो. मागणी नोंदवताना आपण सहा आकडी पिन कोड टाकतो ना? १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत देशात सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. दळणवळण खात्यातले वरिष्ठ अधिकारी. आणि त्याचबरोबर संस्कृतमधले कवी. देशात एकाच नावाची गावं अनेक, पत्ते निरनिराळ्या भाषांत आणि निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले. पत्र वाचता आलं नाही तरी आकडा वाचता यावा, अशी ही युक्ती. पहिला आकडा विभागाचा, पुढचे उपविभाग आणि वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन त्या त्या पोस्ट ऑफिसचे. आपला महाराष्ट्र आणि गोवा चाराच्या घरात येतात. पोस्टासाठी केलेली ही योजना आज प्रत्येक कुरिअर कंपनी वापरते. राजमहेंद्रीचं पेन माझ्या दारात येतं ते एका कवीनं घालून दिलेल्या सहा आकड्यांच्या मात्रावृत्तावरून चालत येतं, असं मला वाटतं. कवीचा समाजाला काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना मी आता पिन कोड सांगतो.

पार्सल घेऊन येणारा मुलगा आमच्याच गावचा. ‘चाचा, ओटीपी सांगा,’ म्हणत दारात उभा राहतो. एकदा त्यानं विचारलं, ‘चाचा, तुमची नेहमी लहान लहान खोकीच येतात. काय असतं यात?’

मी म्हटलं, ‘शाई.’

‘कसली? मतदानाची का?’

मी हसलो आणि त्याला सांगितलं, की ती शाई म्हैसूरच्या कारखान्यात होते, १९६२ च्या निवडणुकीपासून तीच वापरतात, आणि ती अशी दुकानातून मिळत नाही. मग त्याला पेन उघडून दाखवलं. माझ्याच वहीत त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. दोनदा लिहिलं. म्हणाला, ‘अक्षर बरं येतंय की!’ बारावीनंतर त्यानं परीक्षेशिवाय आणि सहीशिवाय काही लिहिलंच नव्हतं. दिवसभर तो लोकांची खोकी पोचवतो, सही आता बोटानं मोबाईलवर घेतो. त्याच्या पिढीच्या हातातून अक्षर हळूहळू निघून चाललंय. कुणी हिसकावून घेतलेलं नाही, फक्त गरज उरलेली नाही. मला त्याची काळजी वाटते. पुढच्या खेपेला मी त्याच्यासाठी एक साधं पेन मागवलं. ते पार्सल त्यानंच आणून दिलं आणि त्यालाच परत दिलं, तेव्हा त्याला काही सुचेना.

कागदाबद्दल बोललं नाही तर पेनावर अन्याय होईल. शाई चांगली आणि कागद पातळ, कमी खळीचा असला की शाई फुटते, पाठीमागं उमटते. वही मागवताना पानाचं वजन बघावं. ते ‘जी. एस. एम.’मध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कागदाला किती ग्रॅम, असं दिलेलं असतं. साधारण ८० च्या पुढचा कागद शाईला बरा. पण वजनच सगळं नव्हे. जपानचा टोमोए रिव्हर नावाचा कागद ५२ ग्रॅमचा, सिगारेटच्या कागदासारखा पातळ, तरी शाई फुटत नाही. खरं काम असतं ते कागदावर चढवलेल्या लेपाचं.

हे ज्ञान आपल्याकडं जुनं आहे. दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा नावाचं गाव आहे. चौदाव्या शतकात तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली, त्या काळापासूनचा वारसा तिथले कागजी सांगतात. जुन्नरला कागदी होते, पुण्यात कसब्यातही कागदीपुरा आहे. चिंध्या कुजवून, कुटून, त्याचा लगदा जाळीवर उचलून कागद करायचा, त्याला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. या घोटलेल्या कागदावर बोरू सरकन् चाले. त्या काळच्या पोथ्या, फर्मानं, हिशेबाची दप्तरं या कागदावर आहेत. म्हणजे मुसलमान कागद्यानं केलेल्या कागदावर ब्राह्मण कारकुनानं मोडीत लिहिलं आणि पुढं इतिहासकारांनी ते वाचलं. पुण्यात १९४० पासून हातकागदाची संस्था आहे. जयपूरजवळच्या सांगानेरचे कागजी आजही हातकागद करतात आणि तोही आता घरपोच मिळतो. मी एकदा त्याच्या चाळीस पानांची वही मागवली. खरबरीत आहे, बारीक निब अडते. पण त्या पानावर कविता लिहिताना हात आपोआप सावकाश चालतो आणि कवितेला ते मानवतं.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे भाषण म्हणजे जाहिरात होईल. पेन हातात घेतल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. ते काम दुकानच करू शकतं. अप्पा बळवंत चौकात किंवा अब्दुल रहमान स्ट्रीटवर काउंटरवरचा माणूस चार पेनं पुढं ठेवतो, कागदाचा तुकडा देतो आणि आपण लिहिताना आपल्या हाताकडं बघून सांगतो, ‘तुम्ही पेन फार आडवं धरता, हे नको, ते घ्या.’ हे कुठल्याही मोबाईलला जमणार नाही. नावाजलेल्या पेनांच्या नकलाही इंटरनेटवर बऱ्याच फिरतात. किंमत फार कमी दिसली की थांबावं आणि विकणारा कोण आहे ते बघावं. काचेची बाटली प्रवासात फुटते. चांगला विक्रेता झाकणाला पट्टी लावून, पिशवीत बांधून पाठवतो. आणि घरी आल्यावर पेन आधी साध्या पाण्यानं धुवावं. चित्रकारांची काळी शाई त्यात कधीही भरू नये, आतल्या वाटा बुजतात.

आणि आमच्या गावचं ते दुकान? ते अजून आहे. आता त्या दुकानदाराचा मुलगा बसतो. जून महिन्यात वह्या, कंपासपेट्या, खोडरबर, नटराज-अप्सराच्या पेन्सिली, याच्यावर त्याचं वर्ष निघतं. गावातल्या पोराला परीक्षेच्या सकाळी पेन लागलं तर कुठलीही वेबसाईट धावून येणार नाही, हाच येणार आहे. म्हणून मी एक नियम ठेवला आहे. जे गावात मिळतं ते गावातच घ्यायचं. वह्या, पाकिटं, डिंक, पेन्सिली, झेरॉक्सचे कागद, सगळं त्याच्याकडून. जे त्याला ठेवणं परवडत नाही तेवढंच बाहेरून. मध्यंतरी मी त्याला इंटरनेटवरून मागवलेली शाई दाखवली. त्यानं बाटली उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, ‘काका, सहा बाटल्या मागवून ठेवू का? खपतील?’ मी म्हटलं, ‘तीन मागवा. एक माझी.’ त्या तिन्ही खपल्या. दुसरी एका निवृत्त मास्तरांनी घेतली आणि तिसरी, मला वाटलं नव्हतं, अकरावीतल्या एका मुलीनं घेतली. तिला बहुधा काचेला हात लावू नकोस असं कुणी म्हटलं नसावं.

शेवटी एक धोका. या हौशीत पेनं जमत जातात आणि लिहिणं मागं पडतं. बारा पेनं मेजावर, बाराही धुतलेली, चकचकीत आणि वही कोरी, अशी माणसं मी पाहिली आहेत. पेन घेणं म्हणजे आपण लिहिणार आहोत, असा स्वतःला दिलेला शब्द असतो. शब्द देताना फार बरं वाटतं, म्हणून तो पुनःपुन्हा द्यावासा वाटतो. पण वडिलांच्या पेटीत दोनच पेनं होती आणि त्यांतून कितीतरी माणसांची गाऱ्हाणी कचेरीपर्यंत पोचली. तेव्हा माझा दुसरा नियम असा, की एक बाटली शाई संपल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही. साठ मिलिलिटरची बाटली संपवायला पुष्कळ लिहावं लागतं, श्रोतेहो. करून बघा.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी सांगतो. पहिलं पेन महागाचं घेऊ नका. शे-दीडशे रुपयांत बारीक निबेचं देशी पेन मिळतं. निळी शाई घ्या, ती धुतली तर कपड्यावरून लवकर जाते. वही गावातल्या दुकानातून घ्या. पहिले आठ दिवस निब करकरेल, मग तुमच्या हाताच्या वळणानं चालायला लागेल. त्यानंतर ते पेन दुसऱ्याला देऊ नका म्हणतात, ते एवढ्यासाठीच.

आणि पहिल्या पानावर काय लिहावं, असा प्रश्न पडला तर एक पत्र लिहा. ज्याच्याशी फोनवर रोज बोलणं होतं पण खरं बोलणं राहून गेलं आहे, अशा कुणालाही. चार ओळी पुरे. पाकिटावर पत्ता नीट लिहा आणि खाली पिन कोडचे सहाही आकडे घाला.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)